तीनशेपासष्ट दिवसांचा प्रचार

डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याची विधानसभा पोटनिवडणूक झाली आणि शिवसेनेने उभे केलेले डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांतून हिंदुत्वाच्या नावाने मते मागितली म्हणून उच्च न्यायालयाने ती निवड रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, आणि पुढे त्या सभांत भाषणे करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. उशीर झाला, पण भाषण अंगलट आले.

आज तसे भाषण करायची गरज कुणाला उरली आहे? १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची पोस्ट पडते. महाराज मागे, भगव्या धुरकट रंगात. पुढे हात जोडलेले आमदार. वर पक्षश्रेष्ठींचे गोल फोटो, खाली मतदारसंघाचे नाव. आषाढीला महाराजांच्या जागी विठोबा येतो, बाकी डिझाइन तेच. फाल्गुन वद्य तृतीयेला, तिथीवाले नाराज नकोत म्हणून, शिवजयंतीची आणखी एक पोस्ट. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली उजेडात आणली तेव्हापासून जन्मतिथीवर संशोधक किती भांडले, त्याची एक ओळही तीत नसते. कशी असेल? पुराव्यावर वाद घालणारा माणूस हक्काचा मतदार होईलच असे नाही.

ही निरुपद्रवी पोस्ट झाली. औरंगजेबावरची पोस्ट तशी नसते. तीत इतिहास सतराव्या शतकातला, रोख मात्र शेजारच्या मोहल्ल्यावर. कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी काही पोरांच्या स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. पोरांवर गुन्हे दाखल झाले. नेत्याची पोस्ट अंगाशी आली की ती ‘अकाउंट सांभाळणाऱ्या टीमची चूक’ ठरते आणि तासाभरात गायब होते.

कायदा नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार धर्माच्या नावाने मते मागणे हे निवडणुकीतले भ्रष्ट आचरण आहे. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही प्रचारात आणता येणार नाही. पण हे सारे लागू होते कुणी उमेदवार झाल्यावर, आणि उमेदवार म्हणजे रीतसर अर्ज भरलेला माणूस. त्याआधीची चार-साडेचार वर्षे मोकळे रान. निवडणूक आयोग अर्जासोबत सोशल मीडियावरच्या खात्यांची माहिती घेतो, तोवर पेरणी होऊन पीक कापणीला आलेले असते.

ही पळवाट मूळ कायद्यात इतकी रुंद नव्हती. निवडणूक दृष्टिपथात असताना जो स्वतःला भावी उमेदवार म्हणून मिरवू लागेल, तो त्या दिवसापासून उमेदवार, अशी तरतूद होती. अलाहाबादच्या खटल्यात ती इंदिरा गांधींना भोवली, आणि १९७५ मध्ये आणीबाणीतल्या दुरुस्तीने ती वगळली. आणीबाणीला उठता-बसता शिव्या घालणाऱ्या पक्षांनीही नंतर सत्तेत येऊन तिला हात लावलेला नाही. ती वगळलेली तरतूद परत आणा, अशी मागणी मतदारांनीच करायला हवी. पुढच्या जयंतीच्या पोस्टखाली करायलाही हरकत नाही.