ओझ्याखालचे माप

नैतिक नियम सर्वांना सारखाच लावावा, की प्रत्येकाची परिस्थिती पाहून लावावा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच जुना आहे. एका बाजूला नियमाचा काटेकोरपणा उभा असतो, दुसऱ्या बाजूला माणसाविषयीची कणव; एकीला जवळ करावे तर दुसरीवर अन्याय होतो, असा आपला समज असतो. या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दिशा आम्हांला नीतिशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर मोटारीच्या मागच्या आसाची जुळवणी समजून घेताना गवसली. वाचकांना हे विचित्र वाटेल; तथापि त्यांनी थोडा धीर धरावा.

अमेरिकेत ‘हॉट रॉड’ नावाचा मोटारींचा एक प्रकार आहे. जुनी, बहुधा फोर्ड कंपनीची गाडी घ्यायची, तिच्यावरचा अनावश्यक भार उतरवायचा आणि मूळच्यापेक्षा कितीतरी जोरकस इंजिन तिच्यात बसवायचे. दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच हा छंद जोपासला. मोहावे वाळवंटातील म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर ते अशा गाड्या पळवीत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन करून या शर्यतींना शिस्त लावली. १९३२ च्या फोर्डमधील आठ सिलिंडरांचे इंजिन ६५ अश्वशक्तीचे होते. आज तशाच गाडीत तीनशे-चारशे अश्वशक्तीचे इंजिन बसवणारे पुष्कळ आहेत. मूळचा मागचा आस एवढा जोर पेलू शकत नाही. म्हणून तो काढून अधिक भक्कम आस घालतात. फोर्डच्या १९५७ च्या गाड्यांपासून वापरात आलेला ‘नऊ इंची’ आस त्यासाठी विशेष पसंत केला जातो.

मूळ गाडीत मागे पोलादी पाट्यांची एकच आडवी स्प्रिंग असे, आणि इंजिनाकडून येणारा दांडा एका बंद नळीत फिरे. आस जागेवर ठेवण्यात त्या नळीचा मोठा वाटा होता. ती गेली की आस पुढेमागे सरकू नये, बाजूला ढळू नये, स्वतःभोवती पिळू नये, यासाठी नवी व्यवस्था लागते. दोन्ही बाजूंना वरखाली दोन असे चार दांडे, आणि बाजूची हालचाल रोखणारा ‘पॅनहार्ड’ नावाचा एक आडवा दांडा, ही त्यातली एक प्रचलित रीत होय.

कारागीर प्रथम गाडीचा सांगाडा घोड्यांवर पाणसळीत ठेवतो. आस मधोमध आणतो, कर्ण मोजून तो काटकोनात असल्याची खात्री करतो. आता वेल्डिंग करून टाकू, असे नवशिक्याला वाटेल. जाणता कारागीर मात्र तात्पुरते टाके मारून थांबतो. गाडी धावणार आहे ती भार घेऊन. भार आला की स्प्रिंगा दबतात, दांड्यांचे कोन बदलतात, आणि इंजिनाकडून येणारा दांडा आसातील पिनियनला ज्या कोनात भेटतो तो कोनही बदलतो. तो चुकला तर धावती गाडी थरथरते व सांध्यातील बेअरिंगे अकाली झिजतात. म्हणून इंजिन, बॉडी, पेट्रोल यांचे वजन घेऊन गाडी रस्त्यावर जेवढ्या उंचीवर उभी राहील, त्या उंचीलाच माप घ्यायचे, आणि शेवटचे वेल्डिंग त्यानंतर करायचे. रबरी बुश असलेल्या सांध्यांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. चाके अधांतरी लोंबत असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीला टेकताच बुश पिळला जातो, उभ्या गाडीतही पिळलेलाच राहतो, आणि काही काळाने फाटतो. बोल्टात खोट नसते, रबरातही नसते. आवळण्याची वेळ चुकलेली असते.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात लेस्बॉस बेटावरील बांधकामात वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. सामान्य कायदा जेथे अपुरा पडतो तेथे निर्णयानेही तसेच प्रसंगाला जुळते व्हावे, असे त्याचे म्हणणे. दाखला मार्मिक आहे, परंतु त्याचा दुरुपयोगही सोपा आहे. पट्टीच वाकू लागली, तर भिंत वाकडी आहे हे सांगणार कोण? आमचा कारागीर पट्टी वाकवीत नाही. त्याचा गुण्या पोलादाचा असतो व पोलादाचाच राहतो. तो आधी ओझे चढवतो आणि मग मोजतो, इतकेच.

आपण एकमेकांना मोजतो ते बहुधा अधांतरी. अंथरुणाला खिळलेल्या आईचे सर्व काही चार वर्षे एकटीने करणारी मुलगी एखाद्या दिवशी आईवर ओरडते. भिंतीपलीकडून ऐकणारा म्हणतो, ‘आईशी कोणी असे बोलते का?’ आईशी आदराने बोलावे हा नियम खराच आहे, आणि त्या मुलीलाही तो लागू आहे. तिला तो ठाऊक असतो; म्हणूनच रात्री ती उशीत तोंड खुपसून रडते. माप घेणाऱ्याने मात्र भार पाहिलेलाच नसतो. पाहिला असता, तर त्याच नियमाने त्यालाही त्याच्या वाट्याचे काम दाखवले असते. ‘आठवड्यातून दोन रात्री आम्ही आईपाशी बसतो, तू झोप,’ असे शब्द मग त्याच्या तोंडून निघाले असते.

येथे कोणी विचारील, लाच घेणारा कारकूनही संसाराचे ओझेच पुढे करतो, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. भाराखाली दबणे हे स्प्रिंगचे कामच आहे. सांगाड्याने मात्र वाकायचे नसते. दबलेली स्प्रिंग भार हलका होताच वर येते. वाकलेला सांगाडा आपणहून सरळ होत नाही, आणि त्यावरून घेतलेले प्रत्येक माप चुकीचे येते. कारकुनाने आपले ओझे सोसलेले नसते. आपल्याहून दुबळ्याच्या खांद्यावर ते ढकललेले असते. ओझे पाहून मोजल्याने अपराध झाकला जात नाही. थकवा कोणता आणि लबाडी कोणती, हे उलट अधिक स्पष्ट दिसते.

शिवाय, भार येणार हे ठाऊक असणाऱ्यावर तयारीची जबाबदारीही येते. गाडी जोराने वेग घेते तेव्हा पिनियनचे तोंड वर उचलले जाते, हे जाणून पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या गाडीत कारागीर ते आधीच अंश-दोन अंश खाली झुकवून ठेवतो. क्रोधात, लोभात किंवा थकव्यात आपले मन कोणत्या दिशेला उचलले जाते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. तेवढा झुकाव शांततेच्या दिवसांतच द्यावा लागतो.

नियम सैल करावेत, असे आमचे म्हणणे नाही. ते पोलादाचेच असू द्यावेत. मात्र ज्याला दुसऱ्याचे ओझे पाहण्याची सवड नाही, त्याने आपली पट्टी खिशातच ठेवावी.