मी मीच आहे, हे कोण मानणार?



समजा, आपल्या धर्मग्रामातला एक तरुण आहे. कॉलेजात असल्यापासून सात-आठ वर्षे तो संगणकावर एक गेम खेळतो आहे. स्वतःच्या कमाईतले थोडे पैसे त्याने त्यात घातले आहेत. दूरच्या शहरांतले चार मित्रही त्याला तिथेच मिळाले आहेत. एके दिवशी लोकलच्या गर्दीत त्याचा मोबाइल जातो. नवा फोन येतो, त्याच नंबरचे सिमकार्ड मिळते, फोटोही परत येतात. गेमचे खाते मात्र उघडत नाही. पासवर्ड बरोबर असूनही संगणक ऑथेंटिकेटरमधला आकडा मागतो, आणि तो दाखवणारा फोन तर गेलेला. ‘अहो, मीच तो!’ हे त्याने कोणाला सांगायचे?

घरचे म्हणतील, ‘बरे झाले, एकदाचा खेळ सुटला.’ पण त्याची वर्षे गेली, मित्र तुटले, हे नुकसान खरे आहे. शिवाय असेच कुलूप आज ईमेलला आणि ऑफिसच्या कामालाही असते. म्हणून विचार करण्याजोगा प्रश्न असा: खऱ्या मालकाला केवळ पुरावा नाही म्हणून दारातून परत पाठवणे हा अन्याय आहे का?

आधी हे कुलूप समजून घेऊ. ऑथेंटिकेटर सुरू करताना कंपनीचा संगणक आणि आपला फोन यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचे गणित मांडून दोघेही आपापल्या जागी एकच आकडा काढतात. तो बहुधा सहा अंकी असतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. त्याला नेटवर्क लागत नाही. ओटीपीचा संदेश आपल्या नंबरवर येतो, हा आकडा मात्र फोनच्या पोटातच तयार होतो. म्हणून सिमकार्ड परत मिळाले तरी किल्ली परत मिळत नाही. गूगल ऑथेंटिकेटर २०१० साली आले, पण त्यातल्या किल्ल्या गूगल खात्यात जपून ठेवण्याची सोय व्हायला २०२३ साल उजाडले.

हे कुलूप कोणी हौसेने लावलेले नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाच्या ब्लिझार्ड कंपनीने २००८ मध्येच असे आकडे दाखवणारे, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवता येणारे छोटे यंत्र विकायला आणले. ‘स्टीम’ चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले की, दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती चोरांच्या हाती जाऊन लुटली जात होती. चोराकडेही पासवर्ड असतो, आणि ‘मीच मालक आहे’ असे तोही शपथेवर सांगतो.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक कल्पना मांडली. एका राजपुत्राचा आत्मा, त्याच्या साऱ्या आठवणींसह, एका चांभाराच्या देहात गेला तर? लॉकच्या मते तो आता राजपुत्रच आहे, कारण त्याची जाणीव राजपुत्राची आहे. पण त्याच्याशिवाय बाकी सर्वांना तो चांभारच वाटणार. इथे दोन गोष्टी वेगळ्या होतात. मी कोण आहे हे मला आतून कळते. इतरांना ते खुणांवरूनच ओळखावे लागते. यंत्राजवळ तर खुणांखेरीज काहीच नसते. ते आपल्याला ‘खोटा’ म्हणत नाही. ‘खूण दिसत नाही’ एवढेच म्हणते. आपला तरुण चिडतो, ते या दोन वाक्यांतला फरक न दिसल्यामुळे.

तरीही न्यायाचा प्रश्न उरतोच. चूक दोन प्रकारे होऊ शकते: मालक बाहेर राहील किंवा चोर आत जाईल. न्यायालयात आपण म्हणतो की, दहा अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होऊ नये. हे कुलूप नेमके उलटे सांगते: दहा मालक ताटकळले तरी चालतील, पण एक चोर आत जाऊ नये. मला ही उलट रीत योग्य वाटते, पण एका अटीवर. निरपराध्याने तुरुंगात काढलेली वर्षे परत देता येत नाहीत. दाराशी ताटकळलेल्या मालकाला मात्र उशिरा का होईना, आत घेता येते. म्हणजे कुलपाचा कडकपणा न्याय्य ठरतो तो मालकाचे नुकसान भरून येण्यासारखे आहे म्हणून. जिथे दाद मागायला माणूसच नाही, जुन्या खरेदीची पावती पाहायलाही कोणी तयार नाही आणि दार कायमचे बंद होते, तिथे अन्याय सुरू होतो. पैसे घेऊन खाते देणाऱ्याने दाद ऐकणारा माणूस ठेवणे ही मेहेरबानी नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे.

अर्थात माणूसही फसतो. आंधळ्या इसहाकाला आवाज याकोबाचा वाटला, पण हाताला केस लागले ते एसावासारखे. दोन खुणा जुळत नव्हत्या, तरी त्याने हातावर विश्वास ठेवला आणि आशीर्वाद दुसऱ्यालाच गेला. म्हणून दाद ऐकणाऱ्याने घाई करू नये, दोन-तीन खुणा ताडून पाहाव्यात. आणि मागणाऱ्यानेही त्या चौकशीला अपमान मानू नये.

आपल्याकडूनही थोडी तयारी हवी. ऑथेंटिकेटर सुरू करताना बहुतेक ठिकाणी अडचणीसाठी वेगळा कोड मिळतो. स्टीमचा कोड ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. तो फोनमध्येच ठेवला तर फोनबरोबर जाईल. कागदावर लिहून रेशनकार्ड आणि सातबारा जिथे ठेवता, तिथे ठेवा. जुना फोन विकण्यापूर्वी किल्ली नव्या फोनवर नेली का, ते पाहा. ‘पैसे द्या, खाते उघडून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या नादी लागू नका आणि कोड कोणालाही सांगू नका. घरातल्या तरुणांनी आजी-आजोबांच्या फोनचेही एवढे काम येत्या रविवारपर्यंत करून द्यावे. आणि एखाद्याचे खाते खरोखरच गेले असेल, तर ‘खेळच तो’ असे म्हणण्याआधी त्याला जवळ बसवून काय काय गेले, ते विचारावे.

आपला,
धर्मगुरू