ठरलेला सौदा आणि रद्द झालेली ऑर्डर



बंधू-भगिनींनो, आज एक घरगुती प्रसंग सांगून सुरुवात करतो, कारण हे प्रवचन त्या प्रसंगातूनच निघाले आहे. शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई येथे माझी भाची राहते. भीमा ओलांडली की पलीकडे दौंड तालुका. पतीच्या निधनानंतर शिवणकामावर ती दोन मुलांना वाढवीत आहे. जुने पायाने चालवायचे मशीन वारंवार बिघडू लागले, म्हणून गेल्या रमजानच्या चौथ्या दिवशी तिने मोबाईलवरून विजेवर चालणारे शिलाई मशीन मागविले. किंमत होती ७,८०० रुपये. ती तिने आगाऊ भरली. ऑर्डर निश्चित झाल्याचा संदेश आला, नवव्या रोजापर्यंत मशीन पोहोचेल अशी तारीखही मिळाली. त्या भरवशावर तिने शेजारच्या घरांतून ईदच्या कपड्यांचे कापड घेतले आणि ईदपूर्वी शिवून देण्याचे वचन दिले.

नववा रोजा उलटला. बाराव्या दिवशी संदेश आला की, आपल्या विनंतीनुसार ऑर्डर रद्द करण्यात आली आहे. तिने कसलीही विनंती केलेली नव्हती. त्याच रात्री तिच्या मुलाने पाहिले, तर तेच मशीन, त्याच विक्रेत्याकडे, ९,४०० रुपयांना विक्रीस लागले होते. भरलेले पैसे सतराव्या दिवशी खात्यात परत आले. तोपर्यंत दुसरे मशीन घेण्यास हाती रक्कम नव्हती. शेवटी ती घरोघरी कापड परत देत फिरली.

मी भेटीस गेलो तेव्हा ती म्हणाली, "मामू, त्यानं पैसे बुडवले नाहीत, हे खरं. पण एवढ्या घरांत मला खोटं पाडलं. याला दीनमध्ये काही नाव आहे का?"

तिच्या प्रश्नाला नाव आहे. चौदाशे वर्षांपूर्वी मदीनेच्या रस्त्यावर जवळजवळ हीच घटना घडली, आणि ती खुद्द अल्लाहच्या प्रेषितांच्या (स.) बाबतीत घडली. अबू दाऊद व नसाई यांच्या हदीससंग्रहांत ती नमूद आहे. प्रेषितांनी (स.) एका ग्रामीण अरबाकडून घोडा विकत घेतला. किंमत ठरली, आणि ती चुकती करण्यासाठी त्याला बरोबर येण्यास सांगून ते झपझप पुढे निघाले. तो माणूस मात्र मागे रेंगाळला. वाटेत लोक त्याला थांबवून घोड्याचे मोल विचारू लागले. सौदा आधीच झाला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. बोली वाढत गेली. तेव्हा त्याने प्रेषितांना (स.) हाक मारून बजावले की, घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर मी दुसऱ्याला विकतो. प्रेषित (स.) थांबले आणि विचारले की, मी तो तुझ्याकडून घेतलेलाच नाही का? त्याने साफ नाकारले आणि साक्षीदार मागितला.

येथे क्षणभर थांबावे. ज्यांची सचोटी शत्रूंनाही मान्य होती, ज्यांच्या हाती मदीनेची सत्ता होती, ते भर रस्त्यात साक्षीदाराविना उभे होते. त्यांनी घोडा हिसकावून घेतला नाही, की विक्रेत्याला दरडावले नाही. तेवढ्यात हजरत खुजैमा बिन साबित (रजि.) पुढे आले आणि सौदा झाला असल्याची त्यांनी ग्वाही दिली. ते तेथे हजर नव्हते. कशाच्या आधारे साक्ष देतोस, असे प्रेषितांनी (स.) विचारल्यावर त्यांचे उत्तर होते की, आपण सत्य सांगता या माझ्या विश्वासाच्या आधारे. त्या दिवसापासून त्यांची एकट्याची साक्ष दोघांच्या बरोबरीची मानली गेली.

उलेमा ही हदीस बहुधा हजरत खुजैमा (रजि.) यांच्या श्रेष्ठत्वासाठी सांगतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या विक्रेत्याकडेही पाहावे. त्याने खोटा माल विकला नव्हता, मापात मारले नव्हते. ठरलेल्या भावानंतर अधिक भाव दिसला आणि त्याने झालेला सौदा झालाच नाही असे म्हटले, एवढाच त्याचा अपराध. भाचीच्या विक्रेत्याने हेच केले. फरक असलाच तर इतकाच की, त्या अरबाने तोंडावर नाकारले. याने नकारही भाचीच्याच नावावर लिहून ठेवला.

आता फिकहची बाजू पाहू. खरेदी-विक्री ही एकाचा प्रस्ताव आणि दुसऱ्याची स्वीकृती यांतून पूर्ण होते. सूरह अन्-निसामध्ये अल्लाहने एकमेकांची मालमत्ता अन्यायाने गिळंकृत करण्यास मनाई केली आणि परस्पर संमतीच्या व्यापाराला तेवढी मोकळीक दिली. ती संमती एकदा दिली की पाळावी लागते. सूरह अल्-माइदाचा आरंभच करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होतो. खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांपासून दूर होईपर्यंत दोघांनाही माघारीचा अधिकार आहे, असे सांगणारी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. कोकणातील आपले शाफई बांधव बैठक मोडेपर्यंत हा अधिकार मानतात. आपण देशावरचे बहुतेक हनफी लोक प्रस्ताव-स्वीकृती होताच सौदा पक्का धरतो. पण बैठक मोडल्यावर, किंमत हाती पडल्यावर आणि आठ दिवस उलटल्यावर एकाने एकतर्फी माघार घ्यावी, याला कोणताही इमाम परवानगी देत नाही.

माघारीचा जो मार्ग शरीअतने खुला ठेवला आहे त्याला इकाला म्हणतात. पश्चात्ताप झालेल्याने विनवावे, दुसऱ्याने राजीखुशीने सौदा सोडून द्यावा. असा सौदा सोडून देणाऱ्याच्या चुका अल्लाह कियामतच्या दिवशी माफ करील, अशी शुभवार्ताही हदीसमध्ये आहे. समजा, विक्रेत्याने फोन करून सांगितले असते की, ताई, भाव लिहिण्यात माझी चूक झाली, मला तोटा होतो आहे. तर माझी खात्री आहे, भाचीने त्याला मोकळे केले असते. दुकानदाराची उघड चूक दिसताच तिच्यावर झडप घालणे हेही काही ईमानवंताचे लक्षण नव्हे. माल खरोखरच भिजला, फुटला किंवा संपला असेल, तर तत्काळ खरे सांगून पैसे परत करावेत. मात्र हाती नसलेला माल विकण्यास प्रेषितांनी (स.) हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना स्पष्ट मनाई केली होती, हे ऑनलाइन धंदा करणाऱ्या आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. माल दुसऱ्याच्या गोदामात, भाव आपल्या पानावर, आणि ऑर्डर आल्यावर शोधाशोध; मग रद्द करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती खोटी नोंद. विक्रेत्याने स्वतः ऑर्डर रद्द केली तर त्याच्या खात्यावर तो ठपका लागतो. म्हणून कोणी "ग्राहकाची विनंती" असे लिहितो, कोणी "ग्राहक घरी आढळला नाही" असे लिहितो, तर कोणी फोन करून गोड शब्दांत ग्राहकालाच रद्दचे बटण दाबायला लावतो. भगिनींनो, ते बटण दाबू नका. दाबले की नोंदीत तुम्हीच माघार घेतलेली असते. आणि धंदा करणाऱ्या बंधूंनो, नऊशे-हजार रुपयांच्या फायद्यासाठी खोट्या साक्षीचे पाप पदरी घेऊ नका. प्रेषितांनी (स.) महापापे सांगताना टेकून बसलेले असता ते उठून बसले आणि खोट्या साक्षीबद्दल पुनःपुन्हा बजावीत राहिले, इतके की ते आता थांबावेत असे ऐकणाऱ्यांना वाटू लागले.

आता काय करावे? अनेक घरांत म्हटले जाते की, जाऊ द्या, पैसे मिळाले ना, सबर करा. सबर निश्चितच श्रेष्ठ आहे. पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याला वाईटाविषयी उघड बोलण्याची मुभा अल्लाहने सूरह अन्-निसामध्येच दिली आहे. प्रेषितत्वापूर्वी मक्केत एका कुरैश सरदाराने येमेनी व्यापाऱ्याचा माल घेऊन किंमत बुडविली, तेव्हा त्या परक्या माणसाने अबू कुबैस डोंगरावर चढून दाद मागितली. त्याची हाक ऐकून अब्दुल्लाह बिन जुदआन याच्या घरी काही कुळे जमली आणि पीडितामागे एकजुटीने उभे राहण्याचा त्यांनी करार केला. हाच हिल्फुल फुजूल. प्रेषित (स.) त्यात सहभागी होते, आणि पुढे इस्लामच्या काळातही, अशा कराराकडे मला बोलावले तर मी जाईन, असे ते सांगत.

आपल्या पुण्यातही ग्राहकांनी एकत्र येण्याची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली येथेच ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ मध्ये आला. आज २०१९ चा सुधारित कायदा आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. त्या नियमांतील एक तरतूद मला फार न्याय्य वाटते. ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्यास कंपनी त्याच्याकडून शुल्क तेव्हाच घेऊ शकते, जेव्हा स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तीही तसाच भार सोसते. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे, असेही त्यांत आहे. तेथे दाद न लागल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कंपनी बंगळूरची आहे म्हणून वडगावच्या माणसाने बंगळूर गाठण्याचे कारण नाही.

याचा उपयोग होतो का, अशी शंका कोणाला येईल. दादरच्या एका ग्राहकाने जुलै २०२२ मध्ये फ्लिपकार्टवर ३९,६२८ रुपये भरून आयफोन मागविला. ऑर्डर एकतर्फी रद्द झाली, पैसे परत आले. आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, विक्रेता वेगळा, असा कंपनीचा बचाव होता. मध्य मुंबईच्या जिल्हा ग्राहक आयोगाने तो मान्य केला नाही. रक्कम परत मिळाली तरी एकतर्फी रद्द करण्याने झालेल्या मनस्तापासाठी आयोगाने १०,००० रुपये भरपाई देण्यास सांगितले. २०२४ साली या निकालाच्या बातम्या आल्या. पैसे परत केले म्हणजे हिशेब मिटला, असे सांसारिक न्यायालयही मानत नाही. मग अल्लाहच्या दरबारात तो कसा मिटेल?

पण दाद मागायला निघताना आपलेही अंगण पाहावे लागते. आपल्या भागात कांद्याचा सौदा शेताच्या बांधावर ठरतो, व्यापारी इसार देतो. चार दिवसांत बाजार चढला की शेतकरी इसार परत करून दुसरी गाडी बोलावतो. बाजार पडला की व्यापाऱ्याचा फोन लागत नाही. यात आपली माणसेही असतात, दोन्ही बाजूंना. घोड्याच्या त्या हदीसमध्ये यांपैकी प्रत्येकाने आपली जागा शोधावी. आणि घराघरांतले एक चलन तर आता कोणाला चुकीचेही वाटत नाही. रोख पैसे दारात द्यायच्या अटीवर तीन ठिकाणी तीन पोशाख मागवायचे, एक ठेवायचा आणि उरलेले दोन आणणाऱ्या मुलाला दारातूनच परत पाठवायचे. तो मुलगा उन्हात मोटरसायकलवर तालुक्याहून आलेला असतो. कोणी तर कपडा लग्नात वापरून, घडी घालून, माप बसले नाही म्हणून परत करतो. विक्रेत्याने केले तर जुलूम, आपण केले तर सोय, असे दुहेरी माप ठेवणाऱ्यांविषयी कुरआनची एक सूरहच आहे, सूरह अल्-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे लोक तिच्या आरंभीच येतात.

भाचीला मी म्हटले, तक्रार कर. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह अल्-बकराची दोनशे ब्याऐंशीवी, नमाज किंवा रोजाविषयी नाही; ती व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. सुदैवाने मुलाने सर्व संदेशांचे आणि वाढलेल्या किमतीचे स्क्रीनशॉट जपून ठेवले होते. इफ्तारनंतर मायलेकरांनी बसून मजकूर तयार केला आणि मला वाचून दाखविला. तारखा बरोबर होत्या, भाषा सभ्य होती. नुकसानीच्या ठिकाणी लिहिले होते की, पंचवीस जोड कपड्यांचे काम हातचे गेले.

मी विचारले, "पंचवीस?"

ती गप्प राहिली. मुलगा म्हणाला, "मोठी कंपनी आहे नानू. थोडं जास्त लिहिल्याशिवाय लक्ष देत नाहीत."

एखाद्या समूहाचा राग तुम्हाला न्यायापासून ढळू देऊ नये, या अर्थाची सूरह अल्-माइदाची आठवी आयत मी त्याला समजावून सांगू लागलो. पण भाचीने मध्येच मोबाईल त्याच्या हातातून घेतला. आतल्या खोलीतून मापांची वही आणली आणि पाने उलटत बोटावर मोजले. अकरा जोड होते. तिने पंचवीस पुसून अकरा लिहिले, मजकूर पुन्हा एकदा वाचला आणि तक्रार पाठवून दिली.