रिठ्याचं पाणी

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून आमच्या हौदातले मासे मेले. घरच्या माणसांपलीकडे ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आज लिहून टाकते, कारण त्या माशांमुळे जो प्रश्न उभा राहिला तो माझ्या एकटीचा नाही. डोक्यावरून न्हाणाऱ्या प्रत्येक बाईचा आहे.

झालं ते असं. आमच्या बेळगावच्या घरामागं परडं आहे आणि परड्यात जुना दगडी हौद. महिला मंडळाच्या बायकांना केस धुण्याचं पाणी घरी कसं करायचं ते दाखवायचं होतं. मी रिठे रात्री भिजत घातले, सकाळी उकळले, कुस्करले, गाळले. मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बघा, ह्यात प्राण्याचं काही नाही, कारखान्यातलं काही नाही. आपल्या धर्माला शोभेल असं पाणी आहे हे." बायका गेल्यावर उरलेलं पातेलंभर घट्ट पाणी हौदाच्या काठावर ओतलं. काठाचा उतार नेमका आतल्या बाजूला. दुसऱ्या दिवशी मासे पोट वर करून तरंगत होते.

रिठ्याचा गुण मला अर्धाच ठाऊक होता. त्याचा फेस होतो तो सॅपोनिनमुळे, एवढं माहीत होतं. पण तेच सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांना घातक असतं. अशा वनस्पती कुटून पाण्यात टाकायच्या आणि गुंगलेले मासे धरायचे, ही रीत अनेक देशांत जुनी आहे, हे मी मागाहून वाचलं. पाणी गाळल्याशिवाय न पिणारी मी, गाळण्यावर राहिलेली जीवाणी जपून परत विहिरीत सोडावी असं सुनांना सांगणारी मी. आणि माझ्याच पातेल्यानं हौद रिकामा केला.

ह्या सगळ्याला साक्षी होती माझी नात. कॉलेजसाठी ती आमच्याकडं राहते. केस माझ्यावर गेलेत, दाट आणि कुरळे. लहानपणी मला "झिपरी" म्हणायचे, तिला आता मैत्रिणी "स्ट्रेटनिंग करून घे की" म्हणतात. त्या वर्षी घरात लग्न होतं, म्हणून मावश्या-काकवाही तेच म्हणायला लागल्या. मी तिला नको म्हटलं होतं आणि कारण अहिंसेचं दिलं होतं. मासे मेले त्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "आज्जी, दोन्हीकडं हिंसाच आहे तर मग मी केस सरळच करून घेते. फरक काय पडतो?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुढं कित्येक दिवस मी ह्याच प्रश्नावर विचार करत होते.

आपल्या धर्मात ह्या प्रश्नाचं एक पुरं उत्तर आहे, आणि ते आपण चातुर्मासात डोळ्यांनी बघतो. मुनिमहाराज आणि आर्यिका माताजी केशलोच करतात. दोन, तीन, फार तर चार महिन्यांनी हातानं केस उपटून काढतात. वस्तरा नाही, न्हावी नाही, साबण नाही, पाणी नाही. पहिल्यांदा एका माताजींचा केशलोच जवळून बघितला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांच्या नाही. केस वाढले की त्यांत जीव होणार, ते निघताना मरणार. म्हणून त्यांनी प्रश्नाचं मूळच ठेवलं नाही.

आपण संसारी बायका तिथं पोचलेल्या नाही. आपण केस ठेवलेत, म्हणजे त्यांच्या मागून येणारा आरंभही ठेवला. शास्त्रानं गृहस्थाची ही अडचण ओळखली आहे. म्हणून तर हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले. ठरवून मारणं ती संकल्पी, ती श्रावकानं सोडायचीच. स्वयंपाक, झाडलोट, धुणं, न्हाणं ह्यांत होते ती आरंभी. ती पुरती सुटत नाही, पण यत्नानं कमी करायची असते. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचं लक्षण सांगताना प्रमाद, म्हणजे बेपर्वाई, आधी धरली आहे. हे मी पाठशाळेत शिकले होते. हौदाच्या काठावर ते आठवलं नाही, एवढंच. रिठा वापरला ह्यापेक्षा "हे शुद्धच आहे" म्हणून उतार न बघता पातेलं पालथं केलं, ही माझी चूक मोठी. शुद्धतेची खात्री झाली की माणूस बघायचं सोडतो.

मला माझ्या आज्जीच्या उवा आठवल्या. ती आम्हा बहिणींच्या डोक्यात बारीक फणी घालायची. निघालेली ऊ नखावर चिरडायची नाही, चिंधीवर घेऊन पेरूच्या झाडाखाली सावलीत ठेवून यायची. आम्हाला वाटायचं, सुटल्या बिचाऱ्या. माणसाच्या डोक्यावाचून ऊ एक-दोन दिवसांपलीकडं जगत नाही. आज्जीनं काय साधलं मग? स्वतःचा हात आणि मन कठोर होऊ दिलं नाही, हे खरं. पण ऊ वाचली नाही, हेही खरंच. आज्जीचं खरं शहाणपण मला आता दुसरीकडं दिसतं. ती रोज तेल लावून गुंता काढायची, आणि एकीची फणी दुसरीला देऊ द्यायची नाही. म्हणजे उवा होऊच नयेत. मारायची वेळ येऊ न देणं ही अहिंसा जास्त खरी. त्या अर्थानं केसांची निगा म्हणजे नुसता नट्टापट्टा नव्हे.

आता नातीचा फरक. केस सरळ करायच्या काही औषधांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइडचा वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं २००४ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. नात तासाभरासाठी पार्लरमध्ये बसणार. पण तिच्या डोक्यावर इस्त्री फिरवणारी पोरगी रोज दिवसभर त्या वाफेत उभी असते. तिचा जीव आपण मोजत नाही, कारण ती पाण्यातली नाही, आपल्यासमोर उभी आहे. केराटिन म्हणून बाटलीत येतं ते बहुतेक वेळा लोकर, पिसं, खुरं-शिंगं ह्यांतून काढलेलं असतं. रेशमाचं प्रोटीन कोशातून येतं, आणि कोश कसा उकळतात ते बेळगावात कुणाला सांगायला नको. शिवाय मुळाशी नवे केस येतात ते कुरळेच. म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा तेच.

कुरळ्या केसाला खरं तर थोडंच लागतं. टाळूचं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, वळणावळणाच्या केसावरून उतरत नाही. म्हणून हे केस कोरडे, आणि म्हणूनच ते रोज धुवायचे नसतात. आम्ही दोघी आता आठ-दहा दिवसांनी न्हातो. आधी खोबरेल. रिठा थोडा आणि शिकेकाई जास्त, तीही पातळ, कारण घट्ट रिठ्यानं कुरळे केस काथ्यासारखे होतात. गुंता ओल्या केसांतच, बोटांनी आणि रुंद दातांच्या कंगव्यानं, टोकाकडून वर जात काढायचा. पंच्यानं खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात दाबायचं. पुस्ती म्हणून चमचाभर जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळून जो बुळबुळीत रस निघतो तो लावायचा. कुणी मध लावायला सांगितलं तर आपल्याला मध चालत नाहीच, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

ह्यातही अग्नी लागला, पाणी लागलं, बी मोडलं. शून्य हिंसा नाही. पण तीन बादल्यांऐवजी दीड बादली पाणी लागलं आणि कुणाच्या नाकात विषारी वाफ गेली नाही. न्हाण्याचं पाणी आता आम्ही आणखी पातळ करून नारळाच्या आळ्यात ओततो. मातीत सॅपोनिन हळूहळू कुजतं. मातीतल्या किड्यांना त्याचा काहीच त्रास होत नसेल असं मी आता म्हणणार नाही. म्हणून एकाच झाडाला रोज नाही.

नातीला मी हेच सांगितलं. "बाळ, दोन्हीकडं हिंसा आहे म्हणून दोन्ही सारखी नव्हे. उपास जमत नाही म्हणून कुणी रात्री जेवायला लागत नाही. जमेल तेवढं कमी करायचं आणि कमी केल्याचा तोरा मिरवायचा नाही. मी तोरा मिरवला, मासे मेले."

तिनं थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "आणि लग्नात मी वाईट दिसले तर?"

हाही प्रश्न खराच होता, त्याला शास्त्र काढून गप्प करणं बरं नव्हे. मी तिला २०१८ चा आमचा श्रवणबेळगोळचा फोटो दाखवला. मस्तकाभिषेकाच्या वर्षी आम्ही गेलो होतो. दहाव्या शतकात चामुंडरायानं घडवून घेतलेली ती सत्तावन्न फुटी मूर्ती. अंगावर वस्त्र नाही, अलंकार नाही, आणि डोक्यावर ओळीनं दगडात कोरलेले कुरळे केस. "सगळं सोडलेल्या भगवंताच्या डोक्यावर कारागिरानं हे केस कोरले, आणि हजार वर्षं लोक ती मूर्ती बघून हात जोडतात," मी म्हटलं. ती हसली. पटलं असं म्हणाली नाही.

लग्नात ती केस मोकळे सोडून आली. एक काकू बोलायची ती बोललीच. नातीनं ऐकून घेतलं आणि वाढायला गेली.

हौदात नवे मासे आम्ही सोडले नाहीत. परवा पातेलं उचलून मी परड्याकडं वळले तर आतून ती ओरडली, "आज्जी, उतार बघ गं!" मी थांबले, बघितलं, आणि मगच ओतलं.