हंगाम सरल्यावर

शास्त्रपाठ : मार्क 6:30-46



पाडव्याच्या सुमारास साखर कारखान्यांचीं धुराडीं एकेक करून विझूं लागतात आणि बीड व नगर जिल्ह्यांतील आमच्या खेड्यांच्या वाटांवर ऊसतोडीहून परतणाऱ्या गाड्या दिसूं लागतात. दसरा-दिवाळीच्या वेळीं कुलपें लागलेलीं घरें उघडतात. उपासनेच्या वेळीं रिकाम्या पडलेल्या चटया पुन्हां भरतात. अशा समयीं परतलेल्या बांधवांचें मंडळीनें कसें स्वागत करावें आणि त्यांनीं स्वतः काय करावें, हें वरील शास्त्रपाठाच्या आधारें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आम्ही आपला दोष पदरीं घेतों. पूर्वीं आम्ही परतलेल्या माणसास पहिल्याच रविवारीं विचारीत असूं, "तिकडे नित्य प्रार्थना चालू होती ना? वर्गणी बाजूला ठेविली ना?" एके वर्षीं एका भगिनीनें मान खालीं घालून उत्तर दिलें, "पाळकसाहेब, पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या आन् फडात जायचं. डोळे मिटले की झोपच लागायची. देवाला काय सांगू?" तिचे शब्द आमच्या मनास लागले. जिला विसांवा देण्यास प्रभूनें आम्हांस नेमिलें, तिच्यापुढें आम्ही हिशेबाची वही घेऊन उभे होतों.

येशूनें आपल्या प्रेषितांस दोघे दोघे असे पाठविलें होतें. परतल्यावर त्यांनीं आपली सर्व हकीकत त्याच्यापुढें मांडिली. लोकांची ये-जा एवढी कीं त्यांस जेवावयासही सवड नव्हती. प्रभूनें त्यांस दुसऱ्या कामास जुंपिलें नाहीं. त्यांचें ऐकून घेऊन तो त्यांस नावेंतून निवांत जागीं घेऊन गेला. एलीयाची गोष्टही अशीच आहे (1 राजे 19). थकून मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्यास देवदूतानें आधीं उपदेश केला नाहीं. दोनदां जागें करून भाकर व पाणी दिलें. देवाची वाणी त्यास मागाहून ऐकूं आली. तर उपदेशक बंधूंनो, परतलेल्याच्या घरीं आधीं जा, बसा आणि ऐका.

आतां परतलेल्यांसाठीं चार गोष्टी सांगतों.

पहिली, कामाची. मुकादमाकडून किती उचल घेतली, किती फिटली, किती दिवसांचा खाडा धरून पैसे कापले, हें सर्व घरच्या वहींत लिहून ठेवावें. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून किंवा उपदेशकाकडून लिहवून घ्यावें. हिशेब मागणें म्हणजे लोभ नव्हे. कापणी करणाऱ्यांची दाबून ठेविलेली मजुरी देवाजवळ ओरड करिते, असें याकोब आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत बजावितो. ज्या गोष्टीची देव दखल घेतो, तिची दखल आपण घेण्यास लाजूं नये.

दुसरी, कुटुंबाची. मुकादमाच्या वहींत नवरा-बायको मिळून एक कोयता धरितात. देवानेंही त्या दोघांस एक म्हटलें आहे, परंतु तें प्रीतीनें. कोयत्याच्या एकपणांत बाईची मेहनत दिसत नाहीं; मोळी तीही वाहते, आणि खोपींत आल्यावर चूलही तीच पेटविते. म्हणून बंधूंनो, घरीं परतल्यावर पाण्याची घागर तुम्ही उचला. जीं लेंकरें आजीजवळ ठेविलीं होतीं, तीं पहिले कांहीं दिवस बुजतील. बाप हांक मारील तर आजीच्या पदराआड लपतील. त्यांच्यावर रागावूं नका. त्यांस जवळ घेऊन बसा, शाळेंत काय झालें तें विचारा. आणि ज्या म्हातारीनें सहा महिने घर राखिलें, तिचे आभार मानण्यास विसरूं नका.

तिसरी, गायनाची. फडांत गळा सुकतो, आणि कित्येकांस वाटतें कीं आतां आपल्यानें गाववत नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) यांनीं ख्रिस्ती भजनें आपल्या देशी चालींवर रचिलीं, तीं अशाच गळ्यांसाठीं होत. टाळ व मृदंग झटकून काढा. संध्याकाळीं एका अंगणांत बसून एकच भजन म्हणा. सूर चुकला तरी चालेल. पौल व सीला यांनीं तुरुंगांत मध्यरात्रीं गाइलें, तेव्हां त्यांच्या पाठीवर फटक्यांचे वळ ताजे होते.

चौथी, शरीराची. फडावर दुखणें अंगावर काढितात, कारण दिवस बुडाला तर पैसे बुडतात. घरीं आल्यावरही तें तसेंच ठेविलें तर पुढील हंगामीं तेंच आपणांस घेऊन बसेल. दोन आठवडे वा अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यांत थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी फुकट होते. मुलांच्या राहिलेल्या लसी टोंचून घ्याव्या. भगिनींनो, थकवा येत असेल, चक्कर येत असेल तर रक्त तपासून घ्या. पोटाचें दुखणें असल्यास एकाच डॉक्टराच्या शब्दावर शस्त्रक्रियेस मान्यता देऊं नका. सरकारी रुग्णालयांत दुसरें मत घ्या. बीड जिल्ह्यांत ऊसतोड बायांचीं गर्भाशयें काढण्याविषयीं एवढी ओरड झाली कीं 2019 सालीं राज्य सरकारास चौकशी समिती नेमावी लागली. आपलें शरीर पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, असें पौल शिकवितो. मंदिराची डागडुजी करणें हीही भक्तीच आहे.

एक गोष्ट मात्र लपवूं नये. शिष्यांचा विसांवा फार टिकला नाहीं. नाव किनाऱ्यास लागते तों तेथें लोकसमुदाय आधींच उभा होता, आणि प्रभूस त्यांचा कळवळा आला. आपलाही विसांवा असाच थोडा आहे. पावसाळा सरण्यापूर्वींच मुकादम नवी उचल घेऊन दारीं येईल. परंतु त्या दिवशीं पांच हजारांस जेवूं घातल्यावर प्रभु एकटाच प्रार्थनेसाठीं डोंगरावर गेला. विसांवा हुकला तर त्यानें तो पुन्हां शोधिला. आपणही तसेंच करावें. आणि ज्या भगिनीनें आम्हांस तो प्रश्न विचारिला, तिला आज आमचें उत्तर हें कीं, बाई, डोळे मिटतांना जें एक नांव ओठीं आलें, तेवढी प्रार्थनाही देवानें ऐकिली आहे.

थकलेल्यांस विसांवा देणारा आपला प्रभु तुमच्या घरांत, तुमच्या गाण्यांत व तुमच्या देहांत नवें बळ घालो. आमेन.