आठवड्याची समाजआरती

॥ रामकृष्णहरि ॥

माउली, आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर आपण चालला असाल, तर मुक्कामाच्या तळावरची समाजआरती आपल्याला ठाऊकच आहे. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एवढ्या मोठ्या समुदायात शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तेवढीच टाळ वाजवत राहते. तिचे म्हणणे ऐकले जाते, निवाडा होतो. मग हरवले-सापडले काय ते पुकारतात, उद्या निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते.

वारीत हा नेम रोजचा आहे. मग घरी परतल्यावर आपण तो का सोडतो? गळ्यातली माळ राहते, एकादशी राहते, हरिपाठही राहतो. पण थांबून ऐकणे मात्र तळावरच राहून जाते. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी ते करावे. गावात बाजाराच्या दिवशी मजुरी चुकती होते, दुकानदाराची उधारी फिटते. तोच दिवस मनाच्या हिशेबालाही धरावा. संध्याकाळच्या हरिपाठानंतर अर्धा तास पुरे.

आधी दंड उंच करावा, म्हणजे गप्प बसावे. फोन दूर ठेवावा. मग आत कोणाचा टाळ अजून वाजतो आहे ते ऐकावे. "येतो" म्हणून ज्या आजाऱ्याकडे गेलो नाही, त्याचा वाजतो. रागाने बोललो त्या सुनेचा वाजतो. आईचे औषध संपत आले, तेही वाजते. या तक्रारी वहीत लिहाव्यात. मग हरवले काय, सापडले काय, ते पाहावे. शेवटी उद्याची वेळ ठरवावी: कोणते एक काम, कोणत्या दिवशी. दहा संकल्प नकोत. पालखीसुद्धा एका दिवसात एकाच मुक्कामाचा पल्ला गाठते.

कोणी म्हणेल, नामधारकाला हिशेब कशाला? भार देवावर टाकला की झाले. भार जरूर टाकावा. पण दिलेला शब्द आपला असतो, तो पाळायला पांडुरंग आपल्यालाच पाठवतो. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. वहीत पारायणे, जप आणि उपवास यांचेच आकडे भरू लागले, की तिचे प्रगतिपुस्तक होते आणि अहंकाराला खाऊ मिळतो. तिसरा धोका उलट बाजूचा. चुकाच चुका दिसल्या, की माणूस स्वतःला कोसत बसतो आणि पुढच्या आठवड्यात वही उघडतच नाही.

या दोन्ही धोक्यांवर उतारा नाथमहाराजांच्या चरित्रात आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैचा मेळ लागेना, म्हणून ते रात्रभर जागले असे सांगतात. चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! या कथेतली ती टाळी लक्षात घ्या. चूक नाथांचीच होती, पण ती सापडली म्हणून त्यांना खंत वाटली नाही, हायसे वाटले. पुढे याच नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पोथीत शिरलेले अपपाठ त्यांनी शोधून काढले, पण पोथी टाकून दिली नाही. अशुद्ध झाली म्हणून पोथी टाकायची नसते, तसे चुकले म्हणून माणसानेही स्वतःला टाकायचे नसते.

म्हणून वही मिटण्यापूर्वी स्वतःला एकच विचारा: या आठवड्याची माझी पैची चूक कोणती? ती सापडली, तर टाळी वाजवा. ज्याचा टाळ अजून वाजत असेल, त्याच्याकडे उद्या जाऊन या. तळावर तक्रार ऐकल्यावर मगच आरती होते. घरचा क्रमही तोच असावा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!