डांबराचा बाहुला, मधाचं पोळं

भाईंदर पश्चिमेहून निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक मागे पडतात. डोंगरी ओलांडून उत्तन आलं की वलांड्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास गाडीत शिरतो आणि मग रस्ता गोराईकडे वळतो. गोराई, मनोरी आणि उत्तनची ही सलग भूमी म्हणजे जुनं धारावी बेट. आज त्याचा एक भाग मीरा-भाईंदर महापालिकेत आणि उरलेला मुंबईत आहे. १९८९ साली इथे एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान उभं राहिलं आणि एका अख्ख्या पिढीची शाळेची सहल या बेटाशी जोडली गेली. कुणी खाडीतून बोटीने आलं, कुणी भाईंदरच्या रस्त्याने. काही वर्षांपूर्वी तिथले पाळणे थांबले. शेजारच्या विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट मात्र आजही लांबून दिसतो.

त्याच १९८९ साली, जुलैच्या १७ तारखेला, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ‘स्प्लॅश माउंटन’ नावाचा पाळणा सुरू झाला. ओंडक्याच्या आकाराच्या बोटीत बसायचं, बोलणाऱ्या-गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांमधून वाट काढायची आणि शेवटी सुमारे पन्नास फुटांवरून पाण्यात कोसळायचं. लोकांनी तो डोक्यावर घेतला. फ्लोरिडात आणि टोकियोतही त्याच्या प्रती निघाल्या. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर रस्ते पेटलेले असताना डिस्नेने जाहीर केलं की पाळणा तोच राहील, गोष्ट बदलेल. फ्लोरिडातला पाळणा २०२३ च्या जानेवारीत बंद झाला, कॅलिफोर्नियातला मे महिन्यात. पुढच्या वर्षी दोन्ही ठिकाणी ‘टियाना’ या कृष्णवर्णीय राजकन्येची गोष्ट घेऊन तीच बोट पुन्हा पाण्यात उतरली. टोकियोत मात्र जुनी गोष्ट तशीच चालू राहिली.

पाळण्यातल्या एका सशाच्या गोष्टीवरून एवढं रान का उठावं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

स्प्लॅश माउंटनची गोष्ट डिस्नेच्या १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातली. चित्रपटाचा आधार जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराची ‘अंकल रीमस’ची पुस्तकं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरचे गुलाम रात्री आपल्या पोरांना ज्या गोष्टी सांगत, त्या हॅरिसने गोळा केल्या आणि अंकल रीमस नावाच्या एका प्रेमळ, समाधानी म्हाताऱ्याच्या तोंडी घातल्या. चित्रपटाने त्या समाधानाला रंग आणि संगीत दिलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे वॉल्टर व्हाइट यांनी तेव्हाच आक्षेप नोंदवला. कलाकुसर त्यांनी मान्य केली, पण मालक आणि गुलाम यांचं नातं इतकं गोड दाखवणं त्यांना धोक्याचं वाटलं. अंकल रीमसची भूमिका करणाऱ्या जेम्स बास्केटला पुढे मानद ऑस्कर मिळालं. चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटा शहरात झाला. त्या शहरात वर्णभेदाचे कायदे होते, म्हणून नायक स्वतःच्या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला जाऊ शकला नाही. पडद्यावर तो गोऱ्या मुलाला मांडीवर घेऊन गोष्टी सांगत होता आणि त्या थिएटरमध्ये त्याला खुर्ची नव्हती.

१९८९ साली डिस्नेच्या आराखडेकारांना हे सगळं ठाऊक होतं. अमेरिकेत तो चित्रपट घरगुती व्हिडिओवर कधी आलाच नाही, इतकं ठाऊक होतं. म्हणून पाळण्यातून अंकल रीमस गाळला गेला आणि त्याच्या जागी एक बेडूक निवेदक झाला. मूळ गोष्टीत कोल्हा सशाला पकडण्यासाठी डांबराचा बाहुला करतो. ससा त्याला नमस्कार करतो, उत्तर येत नाही. ससा चिडतो, ठोसा मारतो, हात चिकटतो. दुसरा हात, मग पाय, मग डोकं. ‘डांबराचा बाहुला’ हा शब्द काळ्या माणसांना हिणवायला वापरला जाऊ लागला होता, म्हणून पाळण्यात ससा मधाच्या पोळ्यात अडकवला गेला. डांबराचा झाला मध. का झाला, हे कुणी सांगितलं नाही.

या वादात सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी जागा हीच आहे. ‘जुनं तसंच ठेवा’ म्हणणारे ज्या मूळ रूपासाठी भांडत होते, ते मुळात दुरुस्त केलेलंच रूप होतं. त्यातल्या कितीतरी यांत्रिक प्राण्यांच्या पुतळ्यासुद्धा १९८८ साली बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ नावाच्या जुन्या खेळातून उचललेल्या होत्या. म्हणजे बदल हा काही पाळण्याचा शत्रू नाही. पण गुपचूप केलेला बदल प्रश्न सोडवत नाही. तीस वर्षं लाखो मुलं तो ससा पाहून हसली, त्यांना त्यामागचं दुःख कळलं नाही, आणि ज्यांना ते वारशाने माहीत होतं त्यांना ते बोलून दाखवायची जागा तिथे मिळाली नाही.

महाराष्ट्रात गोष्ट बदलण्याचं कुणाला भय वाटत नाही. गणेशोत्सवात हलते देखावे उभे करणाऱ्या मंडळांकडे पाहा. तीच लोखंडी चौकट, त्याच मोटारी आणि तेच पट्टे गोदामातून बाहेर निघतात. गेल्या वर्षी मान हलवणारा राक्षस यंदा डोक्यावरची शिंगं काढून सरदार होतो. पडदा सरकतो, निवेदन सुरू होतं आणि खांद्यावर बसलेलं पोर तोंड उघडं टाकून बघतं. दहा दिवसांनी सगळं मोडायचं, हे आधीच ठरलेलं असतं. अशा संस्कृतीत वाढलेल्या माणसाला ‘पाळणा तोच, गोष्ट नवी’ हे सहज पटावं.

पण सशाची गोष्ट फेकून देताना आणखी काहीतरी फेकलं गेलं, आणि ते मात्र सहज पटत नाही. ती गोष्ट हॅरिसची नव्हती, डिस्नेची तर नव्हतीच. ज्यांच्या हातात काही नव्हतं अशा माणसांनी रचलेला तो ससा होता. अंगात बळ नसलेला, पण कोल्ह्याला आणि अस्वलाला बुद्धीने चकवणारा. ‘काहीही कर, पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नकोस’ असं गयावया करून तो नेमका त्याच झुडपात फेकला जातो आणि निसटतो, कारण त्याचा जन्मच तिथला. पन्नास फुटांचा तो उतार म्हणजे काटेरी झुडपातली ती उडी. मळ्यावरच्या गुलामांसाठी तिचा अर्थ काय होता, हे सांगणारा एक फलक, एक दालन जरी त्या रांगेत उभं असतं, तरी टियानाच्या आगमनाला वेगळं वजन आलं असतं.

आणि ही गोष्ट अमेरिकेपुरतीही नाही. पाली जातककथांमध्ये पंचावुध जातक आहे. तक्षशिलेहून शिकून परतणाऱ्या राजपुत्राला जंगलात श्लेषलोम नावाचा यक्ष गाठतो. त्याच्या अंगावरचे केस चिकट. राजपुत्राचे पन्नास बाण त्यात चिकटतात, तलवार चिकटते, भाला आणि गदा चिकटते. मग उजवा हात, डावा हात, दोन्ही पाय आणि शेवटी डोकं. तरी तो घाबरत नाही. आपल्या पोटात ज्ञानाचं वज्र आहे, मला खाल्लंस तर तुझ्या चिंधड्या उडतील, असं तो सांगतो आणि यक्ष त्याला सोडतो. जोसेफ जेकब्ज या लोककथांच्या अभ्यासकाने १८९२ सालच्या आपल्या भारतीय कथांच्या संग्रहात ही गोष्ट घेतली आणि तिचं डांबराच्या बाहुल्याशी असलेलं नातं दाखवलं. आफ्रिकेतही या कथेची भावंडं आहेत. कोण कुणाकडून शिकलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण बुद्धाच्या पूर्वजन्मीची म्हणून सांगितलेली कथा आणि कॅलिफोर्नियातल्या पाण्याच्या पाळण्यातला ससा एकमेकांचे नातलग आहेत, आणि गोराईत थांबलेले पाळणे आणि पॅगोडा शेजारी-शेजारी आहेत, हे पाहिल्यावर हा वाद परका राहत नाही.

मुंबईने याहून जवळचा एक प्रयोग करून पाहिला आहे. गेटवेसमोरच्या चंदेरी व्हिक्टोरिया गाड्या अनेक पिढ्यांनी पाहिल्या. घोड्यांच्या हालांविरुद्ध प्राणिमित्र न्यायालयात गेले आणि २०१५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करमणुकीसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या. वर्षभरात त्या थांबवायच्या आणि चालक-मालकांच्या पुनर्वसनाची योजना करायची, असंही सांगितलं. २०२१ च्या मार्चमध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या. दिवे तसेच, नक्षी तशी, घोडा नाही. हा बदल योग्यच होता. डांबरी रस्त्यावर टापा आपटत, रात्री उशिरापर्यंत गर्दीतून गाडी ओढणाऱ्या जनावराच्या बाजूने कुणीतरी बोलायलाच हवं होतं. पण त्या नव्या गाडीत बसणाऱ्या पोराला, इथे कधी घोडा होता आणि तो का काढला, हे कोण सांगतं? पिढ्यानपिढ्या लगाम हातात धरणाऱ्या माणसांचं पुढे काय झालं, हे त्या सफरीत कुठे येतं?

आता धारावी बेटाकडे परत येऊ. थांबलेल्या पाळण्यांच्या जागी किंवा या किनाऱ्यावर कुठेही उद्या नवं काही उभं राहिलं, तर कुणालातरी इथला इतिहास पाण्यात उतरवण्याचा मोह होईल, आणि तो चुकीचाही नाही. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम इथूनच गेली. धारावीच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले आणि १७३९ मध्ये तो मराठ्यांकडे आला. अंधाऱ्या बोगद्यातून जाणारी बोट, दोन्ही बाजूंना तोफा आणि शेवटी खाडीत घेतलेली झेप: असा पाळणा लोक रांगा लावून बघतील.

त्या रांगेत मीरा रोडच्या इमारतीत वाढलेला मुलगा असेल, तसाच डोंगरी-उत्तनच्या ख्रिस्ती कुटुंबातलाही असेल. डोंगरीचं चर्च पोर्तुगीज काळातलं. या दुसऱ्या मुलाची आजी मराठी बोली बोलते, त्याचे वडील मासेमारीला जातात आणि ही जमीन त्यांचीही तितकीच आहे. बोगद्यात त्याच्या गावच्या चर्चसारखं काहीतरी शत्रूचा तळ म्हणून रंगवलेलं दिसलं, तर उतारावर तो इतरांबरोबर किंचाळेल, भिजेल, हसेलसुद्धा. पण संध्याकाळी घरी गेल्यावर आजीने ‘काय पाहिलंस?’ असं विचारलं, तर तो काय सांगेल? पहिला रूळ टाकण्याआधी, आराखड्याचे कागद हातात घेऊन उत्तनच्या धक्क्यावर बसून हे त्या आजीला विचारता येईल. बोंबील वाळत घालायच्या हंगामात ती तिथेच भेटेल.